बेट पाहायला जाण्याआधी

  आज आपण कर्ज, हप्ता, व्याज बाजूला ठेवू आणि फिरायला जाऊ. पण जिथे जायचं आहे, तिथला इतिहास आधी ऐकू.

झालं असं. ग्रामसंघाची बैठक होती. हजेरी झाली, परतफेड झाली, सह्या-अंगठे झाले. मग एका वहिनीने मोबाईल पुढे केला. त्यावर एक व्हिडिओ होता. निळंशार पाणी, त्यात हिरवी हिरवी छोटी बेटं, आणि होडीत गॉगल लावून बसलेली शहरातली पोरं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'आपल्या जिल्ह्यातलं अंदमान'. ते पाणी नर्मदेचं होतं आणि बेटं आपल्या धडगाव-अक्कलकुवा भागातली होती.

सगळ्या बाया खूश झाल्या. या वर्षीची सहल इथेच न्यायची, असं एकीने जाहीर केलं. दुसरीने लगेच हिशेब मांडला, की लोक एवढे येतात तर किनाऱ्यावर भाकरी-मासे आणि आमचूर विकायला बसू. तेवढ्यात मागे बसलेली एक मावशी बोलली. ती तळोद्याकडच्या पुनर्वसन वसाहतीतून आपल्या लेकीकडे आली होती. ती म्हणाली, "हे बेट नाही. ही आमची टेकडी आहे. हिच्यावर आमची गुरं चरायची. आमचं घर खाली होतं."

बैठक गप्प झाली. कुणालाच पुढे काय बोलावं कळेना. आमच्यातल्या तिशीतल्या आणि त्याहून लहान बायांना तर ते डोंगर पाण्यात कधी गेले, हेही धड माहीत नव्हतं. बी.ए.ला आम्ही जगाचा इतिहास वाचला, पण घरापासून दीड-दोन तासांवरचा राहूनच गेला. म्हणून मग आम्ही विचारत गेलो, वाचत गेलो. ते आज तुम्हाला सांगतो.

आधी हे बघू, की बेट बघायची ओढ माणसाला का असते. आम्ही बायांना हाच प्रश्न विचारला. एक म्हणाली, चारी बाजूंनी पाणी असलं की मन शांत होतं. दुसरी म्हणाली, तिथे कुणी हाक मारत नाही, फोनसुद्धा लागत नाही, घटकाभर तरी कुणाचं काही करायचं नसतं. सगळ्या हसल्या, पण बोलणं खरं होतं.

ही ओढ जुनी आहे. नर्मदा अमरकंटकला उगम पावते आणि १३१२ किलोमीटर वाहून भरूचच्या पुढे खंभातच्या आखाताला मिळते. तिच्या पात्रात देवाधर्माची बेटं आहेत. ओंकारेश्वर आपल्यापैकी पुष्कळ जणींनी पाहिलं आहे. तो मांधाता डोंगर म्हणजे नर्मदेतलं बेटच. भरूचजवळ कबीरवड आहे. तिथे एका वडाने पारंब्या टाकत टाकत मोठी जागा व्यापली आहे आणि लोक होडीने त्याच्या दर्शनाला जातात. नर्मदेची परिक्रमा करणारे लोकही पिढ्यान् पिढ्या आपल्या डोंगरांतून जात आले. ते या भागाला शूलपाणीची झाडी म्हणायचे. म्हणजे आपला भाग काही आज कुणाला सापडलेला नाही. लोक इथून शेकडो वर्षं चालत गेले आहेत आणि राहणारे तर त्याच्याही आधीपासून राहत आले आहेत.

आता त्या व्हिडिओवरच्या 'अंदमान' या शब्दाकडे येऊ. आपल्या सातपुड्यात एके काळी बेट म्हटलं की सहल आठवत नसे, शिक्षा आठवत असे. १८५७-५८ च्या उठावात खानदेश आणि निमाडचे भिल्ल इंग्रजांशी लढले. खाज्या नाईक, भीमा नाईक ही नावं तुम्ही ऐकली असतील. भीमा नाईक बडवानी भागातले, म्हणजे आपल्या धडगावच्या शेजारचे. त्यांना पकडून काळ्या पाण्यावर, म्हणजे अंदमानात पाठवलं. ते परत आले नाहीत. १८७६ साली तिथेच वारले. पुढे १९०६ मध्ये तिथला सेल्युलर जेल बांधून पुरा झाला.

आज लोक विमानाने अंदमानला फिरायला जातात. समुद्र बघतात, मासे बघतात. पण तिथे गेलेला माणूस सेल्युलर जेल पाहिल्याशिवाय सहसा परत येत नाही. जागा सुंदर आहे आणि तिथे माणसांनी सोसलंही आहे, या दोन्ही गोष्टी तो सोबत घेऊन येतो. आपल्या नर्मदेतल्या बेटांवर मात्र असं सांगणारं काही नाही. तिथे फक्त फोटो निघतात.

तर आपली बेटं कशी झाली, ते ऐका.

नर्मदा आपल्या राज्यात थोडीच आहे. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर हद्दीवरून ती सुमारे ५४ किलोमीटर वाहते. पलीकडच्या काठाला मध्य प्रदेश आणि गुजरात, अलीकडे आपले अक्राणी म्हणजे धडगाव आणि अक्कलकुवा हे दोन तालुके. सातपुड्याच्या सोंडा थेट नदीत उतरतात. दोन सोंडांच्या मधून नाले आणि छोट्या नद्या येतात. आपली गावं एका जागी दाटीने वसलेली नव्हती. उतारावर पाडे, प्रत्येकाचं घर आपापल्या शेतात. वर मोहाची, आंब्याची झाडं आणि जंगल. खाली नदीकाठी गाळाची सुपीक जमीन. नदीत मासे.

५ एप्रिल १९६१ रोजी पंतप्रधान पंडित नेहरूंनी गुजरातमध्ये नर्मदेवरच्या धरणाची पायाभरणी केली. पाणी कुणाला किती, यावरून राज्यांमध्ये तंटा झाला. १९६९ साली लवाद नेमला गेला आणि १९७९ साली त्याचा निवाडा आला. सरदार सरोवर धरणाची उंची ४५५ फूट, म्हणजे १३८.६८ मीटर ठरली. या पाण्यात तीन राज्यांची गावं येणार होती. त्यात आपली ३३. महाराष्ट्राच्या वाट्याला विजेतला २७ टक्के हिस्सा आला.

या निवाड्यातली एक गोष्ट बायांनी नीट ऐकावी. जमिनीच्या बदल्यात जमीन द्यायची, असं त्यात म्हटलं होतं. ते त्या काळी मोठं पाऊल होतं. ज्याची जमीन बुडेल त्याला किमान २ हेक्टर, आणि घरातला प्रत्येक सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरायचा. मुलगा असं लिहिलं होतं, मुलगी लिहिलं नव्हतं. शेतात निंदणी करणारी, मोह वेचणारी, नदीवरून पाणी आणणारी मुलगी त्या कागदावर कुठेच नव्हती. आज आपण सातबाऱ्यावर बाईचं नाव लावा म्हणून मागे लागतो, ते कशासाठी, हे यावरून कळतं.

पाणी एका दिवसात आलं नाही. धरणाची भिंत टप्प्याटप्प्याने वाढली, तसं पाणी वर्षावर्षाने चढत गेलं. महाराष्ट्रात सगळ्यात आधी अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली त्याच्या तोंडाशी आलं. तिथे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लोक पावसाळ्यात घरं सोडायला तयार नव्हते. मेधा पाटकर आणि नर्मदा बचाव आंदोलनाचे लोक त्यांच्यासोबत बसले. पुढे बायाच होत्या. धरणाला जागतिक बँकेचं कर्ज होतं. त्या बँकेनेच नेमलेल्या स्वतंत्र समितीने १९९२ मध्ये अहवाल दिला, की पुनर्वसनाची तयारी नीट झालेली नाही. १९९३ साली भारताने उरलेलं कर्ज घेणं थांबवलं. १९९४ मध्ये ४० हून जास्त देशांतल्या शेकडो संघटनांनी मोठ्या धरणांना बँकेने पैसा देणं थांबवावं, असा जाहीरनामा काढला. त्याला नाव दिलं 'मणिबेली जाहीरनामा'. आपल्या डोंगरातल्या एका लहानशा गावाचं नाव असं जगभर गेलं. त्याच सुमारास मणिबेलीजवळचं शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर पाण्याखाली गेलं. नवं मंदिर गुजरातमध्ये गोरा इथे बांधलं आहे.

१९९९ च्या पावसाळ्यात धडगाव तालुक्यातल्या डोमखेडीला लोक चढत्या पाण्यात उभे राहिले. पण १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने धरण पुढे न्यायला परवानगी दिली. २००६ पर्यंत भिंत १२१.९२ मीटर झाली. जून २०१७ मध्ये धरणाचे दरवाजे बंद करायला परवानगी मिळाली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पाणी पहिल्यांदा पूर्ण उंचीपर्यंत भरलं.

पाणी चढलं तसं ते नाल्यानाल्यातून आत शिरलं. सोंडेचा खालचा भाग बुडाला, मधली खिंड बुडाली, आणि वरचं टोक पाण्यात एकटं राहिलं. तेच आपलं बेट. व्हिडिओत जे बेटासारखं दिसतं ते डोंगराचं डोकं आहे. डोंगराचं अंग खाली आहे आणि त्या अंगावर घरं, शेतं, देवाच्या जागा होत्या. यातली काही बेटं बाराही महिने बेटं नसतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्यांच्याभोवती चिखल उघडा पडतो. मग होडीही नीट जात नाही आणि पायीही जाता येत नाही. त्या दिवसांत फोटो काढायला कुणी येत नाही.

इथले लोक याला बेट म्हणत नाहीत, टापू म्हणतात. टापूचा प्रश्न वेगळाच होता. ज्याचं घर बुडालं त्याला बुडीत म्हणून धरलं. पण ज्याचं घर-शेत वर कोरडं राहिलं आणि वाट बुडाली, त्याचं काय? दळण, रेशन, दवाखाना, शाळा, सगळं पाण्यापलीकडे. आम्हालाही बाधित धरा, अशी मागणी त्या लोकांना करावी लागली.

जे उठले, त्यांच्यासाठी तळोदा तालुक्यात जंगलाची जमीन मोकळी केली. १९९० मध्ये २७०० हेक्टर आणि १९९४ मध्ये १५०० हेक्टर. तिथे सोमावल, रोझवा, रेवानगर, नर्मदानगर अशा वसाहती झाल्या. आम्ही तिथल्या बायांना भेटलो. त्या म्हणतात, इथे रस्ता आहे, दवाखाना जवळ आहे, पोरं शिकली. आणि त्याच दमात म्हणतात, इथे मासा विकत घ्यावा लागतो, सरपण विकत घ्यावं लागतं, आजारपणात कुठला पाला आणायचा ते झाडच नाही. डोंगरात पैसा कमी लागायचा, इथे प्रत्येक गोष्टीला लागतो. बचत गटाचं कर्ज आधी कशासाठी निघतं, ते बघितलं की या बोलण्याचा अर्थ कळतो.

जे राहिले, त्यांनीही हात बांधून घेतले नाहीत. आंदोलनाने चिमलखेडी, निमगव्हाण अशा गावांत जीवनशाळा काढल्या. तिथे मुलांना आधी आपल्या बोलीत शिकवलं. लोकांनी मासेमारीच्या सहकारी संस्था काढल्या. धडगाव तालुक्यात बिलगावला २००३ साली ओढ्याच्या पाण्यावर वीज तयार करण्याचा छोटा प्रकल्प लोकांनी श्रमदानाने उभा केला. २००४ साली आलेल्या 'स्वदेस' सिनेमात शाहरुख खान गावात वीज आणतो, तो प्रसंग आठवतो ना? त्यामागे बिलगावची प्रेरणा होती. पुढे २००६ मध्ये वाढलेल्या पाण्यात तो प्रकल्पही गेला.

आम्हाला कुणाशी भांडायचं नाही. या धरणाचं पाणी सौराष्ट्र, कच्छ आणि राजस्थानच्या जालोर-बाडमेरपर्यंत जातं. तिथल्या एखाद्या बाईच्या डोक्यावरचा हंडा त्याने उतरला असेल तर आम्हाला बरंच वाटतं. पण एकीच्या डोक्यावरचा हंडा उतरावा म्हणून दुसरीचं घर गेलं, एवढं तरी लक्षात राहिलं पाहिजे.

टापूवर राहणं काय असतं, ते दोन गोष्टींवरून कळेल. पहिली गोष्ट २०२० सालची. करोनाच्या भीतीने पाड्यांवरच्या बाया लेकरांना घेऊन अंगणवाडीत यायच्या बंद झाल्या. तेव्हा चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांनी एका मच्छीमाराकडून होडी मागून घेतली आणि स्वतः वल्हवत अलिगट आणि दादर या पाड्यांवर जायला सुरुवात केली. सुमारे १८ किलोमीटरची जलवाट. सोबत पोषण आहार आणि वजनकाटा. गरोदर बाया आणि कुपोषित लेकरं तपासायची आणि परत वल्हवत यायचं. देशभरच्या वर्तमानपत्रांत ही बातमी आली. आपल्या जिल्ह्यात या पाण्यावर तरंगता दवाखानाही चालतो आणि २०२१ मध्ये करोनाची लस घेऊन पथकं होडीनेच पाड्यांवर गेली.

दुसरी गोष्ट दुःखाची आहे. जानेवारी २०१९ मध्ये संक्रांतीच्या दिवशी धडगाव तालुक्यात भुषा गावाजवळ नर्मदेत होडी उलटली. पूजेला निघालेली साठेक माणसं तिच्यात होती. किमान सहा जण दगावले. पाणी दिसायला शांत असतं, पण खाली डोंगराचे उतार आहेत. किनाऱ्यापासून दोन पावलांवर तळ लागत नाही.

एवढं सगळं कळल्यावर आम्ही पुन्हा बैठक घेतली. जायचं की नाही? एक ताई म्हणाली, लोकांच्या दुःखावर आपण कशाला हिंडायचं. दुसरी म्हणाली, आपण नाही गेलो तरी शहरातले जाणारच, मग आपण तरी नीट जाऊ. शेवटी आम्ही त्या मावशीलाच विचारलं. ती म्हणाली, "जा ना. पण मला पुढे बसवा. आणि मी सांगेन तिथे मशीन बंद करा."

दिवाळीनंतर आम्ही गेलो. किनाऱ्यावरच्या गावातलीच होडी ठरवली. होडीवाल्याकडे जॅकेट कमी होते, म्हणून आम्ही दोन फेऱ्या केल्या. वेळ गेला, पैसे जास्त गेले, चालेल. मावशी पुढे बसली होती. आम्हाला सगळं पाणी सारखंच दिसत होतं. ती मात्र दोन्ही बाजूंचे डोंगर बघत होती. समोरचा सुळका आणि उजवीकडची खिंड एका रेषेत आली तेव्हा तिने हात वर केला. होडीवाल्याने मशीन बंद केलं.

मग ती बोटाने दाखवत गेली. हा नाला, त्याच्या तोंडाशी माझ्या सासऱ्याचं शेत. तिकडे मोठा आंबा, लग्नाची मंडळी त्याच्याखाली उतरायची. इथे बायांची अंघोळीची जागा, पुरुष तिथे येत नसत. प्रत्येक जागेला नाव होतं. पाड्याला, वळणाला, खडकाला, डोहाला, सगळ्याला. आम्ही वहीत लिहायला लागलो, तेव्हा ती हसली. "आता लिहून काय करता? खाली आहे सगळं." थोड्या वेळाने मात्र तिनेच विचारलं, "लिहिलं का ते आंब्याचं?"

बेटावर आम्ही भाकरी खाल्ली. जागा खरंच सुंदर आहे, ते नाकारून कसं चालेल? मावशीलाही सुंदर वाटली. ती म्हणाली, आमच्या वेळी इथे वर यायला दम लागायचा, आता होडीतून उतरलं की वरच.

आमचं म्हणणं एवढंच आहे. बेटं बघायला जरूर जा. पण जाताना तिथल्या माणसाला विचारून जा आणि होडी तिथल्याच गावाची घ्या. जॅकेट नसेल तर होडीत पाय ठेवू नका, नवरा ओरडला तरी. जेवण तिथल्या बायांकडून घ्या. प्लॅस्टिक टाकू नका, ते त्यांच्या माशांच्या पोटात जातं. कुणाच्या देवाच्या जागेवर चढून फोटो काढू नका. आणि ज्या गटांना तिथे व्यवसाय करायचा आहे, त्यांनी टापूवरच्या बायांना भागीदार करून घ्या. त्यांच्या डोंगरावर आपण दुकान मांडायचं आणि त्यांनी बघत बसायचं, असं नको.

आणखी एक काम सांगतो. नावं लिहून ठेवा. नंदिनी ओझा यांनी नर्मदेच्या लढ्यातल्या केशवभाऊ वसावे आणि केवलसिंग वसावे यांच्या तोंडून ऐकलेला इतिहास 'लढा नर्मदेचा' या पुस्तकात आणला आहे. म्हणजे तोंडी सांगितलेलाही इतिहासच असतो. आपल्या गटात बुडीत गावातून आलेली एखादी सासू, आजी, मावशी असेल तर तिच्याजवळ वही घेऊन बसा. पाड्याचं नाव, नाल्याचं नाव, आंब्याचं नाव लिहा. लिहिता येत नसेल तर मोबाईलवर आवाज भरून घ्या. आजी जोवर आहे तोवरच हे काम होईल. ती गेली की लोक त्या जागेला अंदमान म्हणतील आणि दुसरं नाव सांगणारं कुणी उरणार नाही.

आमच्या वहीत आतापर्यंत एका मावशीने सांगितलेली एकतीस नावं झाली आहेत. पुढच्या बैठकीला ती आपल्या नणंदेला घेऊन येणार आहे. नणंदेला जास्त आठवतं म्हणते. तुमच्या गटात काय निघालं, ते आम्हाला नक्की कळवा. येतो आम्ही. राम राम.